ब्रेक गेले, धावपट्टी संपत आली: लढाऊ विमान हूक आणि जाळीवर कसं थांबतं

ओझरच्या आसपास राहणाऱ्यांना लढाऊ विमानाचा आवाज नवा नाही. पिंपळगाव, निफाडच्या द्राक्षबागेत छाटणी चालू असली तरी सुखोई डोक्यावरून गेलं की हात क्षणभर थांबतोच. १९६४ पासूनच्या इथल्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड) कारखान्यातून मिग-२१, मिग-२७, सुखोई-३० एमकेआय बाहेर पडली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी इथं बनलेलं पहिलं तेजस मार्क १ए उडालं. या चारही विमानांत एक गोष्ट सारखी आहे. उतरल्यावर ती मागे ब्रेक पॅराशूट सोडतात, आणि त्यांच्या शेपटीखाली हूक, म्हणजे केबल पकडणारा आकडा, नसतो.

मग पॅराशूट उघडलंच नाही तर? हायड्रॉलिक गेलं आणि ब्रेकच लागले नाहीत तर? उड्डाणासाठी धावताना, वेग भरपूर झालेला असताना इंजिनाला आग लागली तर? या प्रश्नांची उत्तरं धावपट्टीच्या टोकाशी असतात: हूक असलेल्या विमानासाठी आडवी केबल, हूक नसलेल्यासाठी उभी जाळी. या दोन्हींबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

आधी ऊर्जेचा हिशोब, कारण पुढची प्रत्येक सूचना त्यातूनच येते. १५ टनांचं विमान १४० नॉट वेगानं, म्हणजे सेकंदाला ७२ मीटरनं धावतंय असं धरा. त्याची गतिज ऊर्जा साधारण ३९ मेगाज्यूल भरते. एवढ्या ऊर्जेत ११५ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल. ही सगळी उष्णता काही सेकंदांत चाकांमधल्या ब्रेकच्या चकत्यांनी गिळायची असते. वजन आणि वेग जास्त असताना वैमानिकानं ब्रेक दाबून धरले तर चकत्या लालबुंद होतात आणि चाकातले वितळणारे फ्यूज प्लग टायरमधली हवा सोडून देतात. ते मुद्दाम तसे बसवलेले असतात, नाहीतर टायर फुटून चाकाचे तुकडे उडाले असते.

ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे (वेग गुणिले वेग) वाढते, हे इथं फार महत्त्वाचं. १४० ऐवजी १६० नॉटनं आलं तर वेग वाढला १४ टक्के, पण ऊर्जा वाढली ३१ टक्के. उलट बाजूनंही तेच. इंधन जाळून किंवा बाहेरच्या टाक्या टाकून वजन १० टक्के कमी केलं, तर उतरण्याचा वेगही सुमारे ५ टक्क्यांनी उतरतो आणि ऊर्जा जवळपास १९ टक्क्यांनी घटते. म्हणून बिघाड झालेलं विमान लगेच खाली न येता घिरट्या घालत राहिलेलं दिसलं, तर तो वेळकाढूपणा नसतो. वैमानिक त्या वेळात केबलचं काम हलकं करत असतो.

आणि आपल्याकडचा पाऊस. धावपट्टीवर पाणी साचलं की टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतं. हा वेग काढायचं सूत्र जुनं आणि सोपं आहे: टायरचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ९ नं गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. २२५ पीएसआयला १३५ नॉट. पण उतरताना चाक अजून फिरायला लागलेलं नसतं, तेव्हा ९ च्या जागी ७.७ धरतात आणि हाच आकडा ११५ नॉटवर येतो. म्हणजे १४० नॉटनं टेकलेलं विमान पहिला बराच पल्ला ब्रेक असून नसल्यासारखं घसरत जाऊ शकतं. केबल आणि जाळीला मात्र धावपट्टी ओली आहे की कोरडी याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्यांची पकड टायरच्या घर्षणावर नसते. माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा गुण हाच.

कल्पना विमानाइतकीच जुनी आहे. १८ जानेवारी १९११ रोजी यूजीन एली सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उभ्या असलेल्या पेन्सिल्व्हेनिया या युद्धनौकेवर उतरला, तेव्हा फळ्यांच्या डेकवर आडवे दोर टाकले होते आणि प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. विमानाखालच्या आकड्यांत दोर अडकले, पिशव्या फरफटल्या, विमान थांबलं.

आज वाळूच्या पिशव्यांची जागा ड्रमनं घेतली आहे. विहिरीवरचा रहाट डोळ्यांसमोर आणा. भरलेली बादली खाली सोडताना दोर सुटा सोडला तर बादली आपटते, गच्च धरला तर हात सोलतो. रहाटाच्या चाकावर हात दाबत दाबत दोर सोडायचा असतो. धावपट्टीच्या दोन्ही कडांना असाच एकेक रहाट असतो. त्याच्यावर नायलॉनचा रुंद पट्टा गुंडाळलेला, पट्ट्याच्या टोकाला जोडलेली पोलादी केबल धावपट्टीवर आडवी ताणलेली. अमेरिकी हवाई दलात सर्वाधिक दिसणाऱ्या बॅक-१२ या प्रकारात केबल एक इंच किंवा सव्वा इंच जाडीची असते आणि विमान अडकल्यावर नेहमीच्या मांडणीत पट्टा ९५० फूट, म्हणजे सुमारे २९० मीटर सुटतो. ड्रमवर विमानाच्याच जातीचे घर्षण ब्रेक असतात. ड्रम फिरू लागला की त्याच्याशी जोडलेला पंप हायड्रॉलिक दाब तयार करतो आणि तोच दाब ब्रेक आवळतो. बाहेरून वीज नको, कुणी कळ दाबायला नको.

वरचं १५ टनांचं विमान ३०० मीटरमध्ये थांबलं तर सरासरी मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, ०.९ जीच्या (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका) आत राहतं आणि थांबायला आठेक सेकंद लागतात. केबलवरचा सरासरी मागे खेचणारा जोर १३ टनांच्या आसपास. विमानवाहू जहाजावर तेच विमान १०० मीटरमध्ये थांबवायचं म्हटलं तर २.६ जी लागतील. तिथं जहाजाचा स्वतःचा वेग मदतीला असतो, शिवाय येणाऱ्या प्रत्येक विमानाच्या वजनाप्रमाणे यंत्रणा लावून ठेवतात. विमानाचा सांगाडाही त्यासाठीच मजबूत केलेला असतो. नौदलाच्या तेजसनं १३ सप्टेंबर २०१९ ला गोव्याच्या आयएनएस हंसा या जमिनीवरच्या नौदल तळावर पहिलं हूक-लँडिंग केलं आणि ११ जानेवारी २०२० ला आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर, ते अशाच खास बनावटीच्या जोरावर. हवाई दलाच्या विमानाचा हूक मात्र आणीबाणीपुरता असतो. आपल्याकडचं जग्वार किंवा अमेरिकेचं एफ-१६ हूक बाळगतं, पण रोज केबलवर उतरत नाही.

या फरकामुळे एक मोठा गैरसमज होतो. जहाजावर टेकताक्षणी वैमानिक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण पुढे ढकलतो, कारण हूक हुकला तर पुढे समुद्रच आहे. जमिनीवर धावपट्टीच्या शेवटच्या केबलकडे जाताना उलट करायचं असतं, थ्रॉटल पूर्ण मागे. इंजिनाचा जोर राहिला तर तो रहाटावरच पडतो.

आता केबलवरची कृती. धावपट्टीच्या शेवटाकडची केबल घ्यायची ठरली की पहिलं काम रेडिओवर सांगणं. तिथं लांबलचक वाक्य नको, एकच शब्द तीनदा: ‘केबल, केबल, केबल’ किंवा जाळी असेल तर ‘बॅरियर, बॅरियर, बॅरियर’. ऐकणाऱ्या टॉवरला काय करायचं ते पाठ असतं.

हूक केबलच्या निदान १५०० फूट, म्हणजे साडेचारशे मीटर आधी खाली सोडायचा. हूक खाली येऊन धावपट्टीवर आपटतो, उसळतो, पुन्हा आपटतो. त्याला दाबून धरणारा डॅम्पर ही उसळी शांत करायला वेळ घेतो. शेवटच्या क्षणी सोडलेला हूक नेमका उसळीत असताना केबलवरून उडी मारून जातो.

मग मध्यरेषा. इथं एक गोष्ट वरवर उलटी वाटते. विमान मध्यापासून थोडं बाजूला असेल आणि केबल जवळ आली असेल, तर मध्याकडे वळायचं नाही. धावपट्टीला समांतर, सरळ जायचं. मध्यापासून बाजूला पण सरळ घेतलेली केबल विमानाला थोडी एका बाजूला ओढते, ती ओढ सावरता येते. तिरकं घेतलं तर केबल हूकमध्ये सरकते, एका बाजूचा पट्टा आधी सुटतो, दुसरा मागे राहतो, आणि विमान धावपट्टीबाहेर फेकलं जाऊ शकतं.

नाक खाली, तिन्ही चाकं जमिनीवर. हूक विमानाच्या गुरुत्वमध्याच्या खाली आणि मागे असतो. केबलनं तिथून मागे खेचलं की नाक खाली दाबलं जातं. नाकाचं चाक आधीच टेकलेलं असेल तर तो जोर त्याचा दांडा सोसतो. नाक हवेत असेल तर ते धाडकन आपटतं. खांद्याचे पट्टे याच कारणासाठी आधीच लॉक केलेले हवेत.

ब्रेक केबलपर्यंत लावायचे आणि केबल ओलांडायच्या जरा आधी पाय उचलायचे. जाम झालेलं चाक केबलवरून गेलं तर टायर कापलं जातं. शिवाय केबल पकडल्यावर एका बाजूचा ब्रेक जरी जास्त लागलेला राहिला, तरी विमान त्या बाजूला ओढलं जातं.

केबल जमिनीवर सपाट पडलेली असेल तर हूक तिच्या वरून घसरून जाईल. म्हणून तिच्यात रबराच्या जाड चकत्या ओवलेल्या असतात, त्या तिला धावपट्टीपासून वर उचलून धरतात. विमानाची पुढची चाकं केबलवरून जाताना तिला दाबतात, ती आपटते, तिच्यात लाट उठते, आणि हूक पोचेपर्यंत ती पुन्हा वर यायला हवी. चकत्या सरकून कडेला गेल्या असतील, तर मध्यभागी केबल ढिली लोंबते आणि हूक रिकामा जातो. यंत्रणा ठणठणीत, हूक ठणठणीत, वैमानिक बिनचूक, आणि चार रबरी चकत्यांची जागा चुकल्यामुळे विमान धावपट्टीबाहेर. रोज सकाळी एक माणूस धावपट्टी ओलांडत त्या चकत्या हातानं जागेवर सरकवतो. हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

केबल अशी उसळत, आपटत राहिल्यानं तिच्याखालची धावपट्टी कोरली जाते. म्हणून तिथं झिजायलाच ठेवलेल्या कठीण प्लॅस्टिकच्या फळ्या बसवतात आणि त्या ठरावीक काळानं बदलतात.

कधीकधी धावपट्टीच्या सुरुवातीचीच केबल घ्यावी लागते, म्हणजे पूर्ण धावपट्टी पुढे शिल्लक असताना. एक चाक नीट उतरलेलं नसतं, नाकाच्या चाकाचं वळण गेलेलं असतं, किंवा एका बाजूचा ब्रेक मेलेला असतो. टेकल्यावर सरळ धावता येईल याची खात्री नसते. अशा वेळी केबलच्या आधी निदान ५०० फूट टेकायचं, नाक खाली आणायचं, मगच केबल. केबलच्या अगदी जवळ टेकलं आणि चाकं पूर्ण बसायच्या आत हूकनं केबल पकडली, तर विमान हवेतून खाली खेचलं जातं. उलट हूक हुकला आणि धावपट्टी पुरेशी उरली असेल, तर पुन्हा उड्डाण घ्यायची वाट इथं मोकळी असते. त्यासाठी हात थ्रॉटलवरच ठेवायचा.

विमान थांबलं म्हणजे काम संपलं असं नाही. नायलॉनचे ताणलेले पट्टे आखडतात आणि विमान मागे खेचलं जातं. हे बघून नवख्या वैमानिकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि तिथंच चूक होते. मागे सरकणाऱ्या विमानाचे ब्रेक एकदम दाबले तर नाक उचललं जातं आणि शेपूट जमिनीला टेकू शकते. मागे जाऊ द्यायचं, गरज पडली तर थ्रॉटल अगदी थोडा पुढे करून सावरायचं. पुढे सगळं खालच्या माणसाच्या हाताच्या खुणांवर. एफ-१६ मध्ये कळ वर केली की हूक केबल सुटण्याइतका उचलला जातो, पण जागेवर पक्का बसवायचा तो तंत्रज्ञांनीच. ब्रेक तापलेले असतील तर अग्निशमनवाले चाकाच्या पुढून किंवा मागून जवळ येतात, बाजूनं कधीच नाही. चाक फुटलं तर तुकडे आसाच्या दिशेनं, म्हणजे बाजूला उडतात.

आता जाळी. हूक नसलेल्या ओझरच्या विमानांचा शेवटचा आधार तीच. धावपट्टीच्या टोकापुढे दोन बाजूंना दोन खांब, एरवी आडवे झोपलेले. टॉवरमधून कळ दाबली की ते उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये नायलॉनची जाळी पडद्यासारखी उभी होते. वर एक आडवा पट्टा, खाली एक, मध्ये उभ्या पट्ट्या. ही एकच जाळी नसते. एकामागे एक अनेक पातळ जाळ्या असतात आणि त्यांच्या उभ्या पट्ट्या एकमेकांच्या फटींत येतील अशा लावलेल्या असतात, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेवर जोर एका जागी न पडता पसरतो.

विमानाचं नाक उभ्या पट्ट्यांच्या मधून घुसतं, पट्ट्या पंखांवर पडतात, आणि त्याच क्षणी खांबाला जोडणारे मुद्दाम कमजोर ठेवलेले दुवे तुटतात. जाळी खांबांपासून सुटते आणि तिचा जोर रहाटांवर जातो. एका बाजूचा दुवा तुटला आणि दुसरीकडचा राहिला, तर जाळी फाटते. ज्यांनी गारपिटीनंतर द्राक्षाचा मांडव पडलेला पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. तार मजबूत असून भागत नाही, कडेचा ताणाचा खांब सगळा भार खातो, आणि एक खांब आधी उपटला की सगळी रांग त्या बाजूला आडवी होते. म्हणून रहाटांचा पाया काँक्रीटमध्ये खोल गाडलेला असतो.

वजनाप्रमाणे जाळीचे वर्ग असतात. डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन आणि विकास संस्था) आग्र्याच्या प्रयोगशाळेनं २० टन आणि ४० टन वर्गाच्या यंत्रणा विकसित केल्या आहेत. सुखोई-३० एमकेआयचं कमाल उड्डाण-वजन ३८ टनांच्या वर जातं, हे लक्षात घेतलं की दुसऱ्या वर्गाची गरज का पडली ते वेगळं सांगायला नको.

जाळीत जाताना कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, बंदच ठेवायची. वरचा आडवा पट्टा कॉकपिटवरून घासत मागे जातो. कॅनॉपी फेकून दिलेली असेल तर तो पट्टा वैमानिकाच्या डोक्याला किंवा मानेला लागतो. बाहेर पडायची घाई साहजिक आहे, पण ती घाई जीव घेऊ शकते. इंजिन जाळीच्या आधी बंद, कारण आत ओढल्या गेलेल्या नायलॉनचे तुकडे आणि तापलेलं इंजिन यांची गाठ पडायला नको. पंखाखालचं जे टाकता येतं ते शक्य असेल तर आधीच टाकायचं. सरळ आणि मध्यावर जाणं इथं केबलपेक्षाही महत्त्वाचं, कारण कडेनं घुसलेल्या विमानाचा एकच पंख जाळीत येतो.

थांबल्यावर पट्ट्या कॅनॉपीभोवती आवळलेल्या असतात. बचाव पथकानं कापायला सुरुवात करण्याआधी इजेक्शन सीटच्या (वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीच्या) सुरक्षा पिना लागल्या आहेत का ते बघायचं. ताणलेला नायलॉन कापला की तो चाबकासारखा उसळतो, म्हणून आधी ताण सोडवायचा, मग कापायचं. एकदा वापरलेली जाळी पुन्हा उभी करत नाहीत, ती बदलतात.

उन्हातली अतिनील किरणं नायलॉनला कमजोर करतात, आणि नायलॉन ओला असताना त्याची ताकद कोरड्यापेक्षा कमी भरते. नाशिकचा एप्रिल-मे आणि त्यापाठोपाठ येणारा जून, दोन्ही त्याच्यासाठी वाईट. म्हणून पट्ट्यांवर आच्छादन, कडा उसवल्या आहेत का याची तपासणी, आणि रहाटाच्या खड्ड्यात पाणी साचू न देणारा निचरा, ही तिन्ही कामं पावसाळ्याआधी उरकलेली हवीत.

या सगळ्यात सर्वांत जास्त काय बिघडतं, तर निर्णयाची वेळ. ब्रेक लागत नाहीत हे कळल्यावर दोन-तीन सेकंद ‘लागतील, लागतील’ म्हणून पुन्हा दाबून बघण्यात गेले, तर ७२ मीटरच्या हिशोबानं दीड-दोनशे मीटर धावपट्टी गेली. जाळी उभी व्हायलाही काही सेकंद लागतात. उशिरा मागितलेली जाळी अर्धवट उभी असतानाच विमान पोचतं. म्हणून शहाणे वैमानिक उतरण्याआधी, आकाशातच ठरवतात: अमुक ठिकाणापर्यंत वेग अमुकच्या खाली आला नाही तर केबल किंवा जाळी, आणि ते ठरलं की मागे फिरायचं नाही.

चार विमानांची तुकडी परतत असेल आणि एकात बिघाड असेल, तर इंधन पुरत असल्यास बिघडलेलं विमान शेवटी उतरवतात. केबल घेतली की धावपट्टी बंद होते. सराईत पथक बॅक-१२ पाच मिनिटांच्या आत पुन्हा लावतं, पण विमान बाजूला ओढणं, पट्टे गुंडाळणं, केबलच्या तुटलेल्या तारा हातमोजा घालून चाचपणं, चकत्या परत जागेवर नेणं, हे सगळं होईपर्यंत वरच्या तिघांनी दुसरा तळ गाठण्याइतकं इंधन राखलेलं असावं लागतं.